रेंगाळलेला खोकला, घशाशी येणारे आम्ल आणि आजाराची धास्ती

नमस्कार. आपला प्रश्न काळजीपूर्वक वाचला. पावसाळ्यातल्या सर्दीतापानंतर लागलेली कोरडी ढास दहा आठवडे उलटले तरी जात नाही. छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित आल्या आहेत. डॉक्टरांनी आम्लपित्ताचे निदान करून पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दिली, पण तीन आठवडे घेऊनही फरक नाही. आणि आता रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर कर्करोगाबद्दल वाचत बसल्यामुळे झोप उडाली आहे. स्वतःहून सीटी स्कॅन करून घ्यावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. मी डॉक्टर नाही. पण आम्लपित्त आणि आजाराची भीती ही दोन्ही दुखणी मी बरीच वर्षे वागवली आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो. माझे मुख्य सांगणे असे की, खोकल्यावरचे उपचार आणि भीतीवरचे उपचार एकाच वेळी सुरू करा, पण ते एकमेकांत मिसळू देऊ नका. खोकला गेला की भीती आपोआप जाईल, असे मानून आपण थांबला आहात. माझ्या अनुभवात तसे होत नाही, कारण खोकला बरा व्हायला आठवडे लागतात आणि भीतीला मात्र आज रात्रीच उत्तर हवे असते.

आधी खोकल्याविषयी. तीन आठवड्यांपर्यंतचा खोकला तीव्र, तीन ते आठ आठवड्यांचा मधल्या टप्प्यातला आणि आठ आठवड्यांच्या पुढचा दीर्घकालीन, अशी विभागणी डॉक्टर करतात. विषाणूजन्य तापानंतर श्वासमार्गाचे आतले अस्तर इतके हळवे होते की थंड हवा, धूळ, फोडणीचा ठसका किंवा नुसते मोठ्याने हसणेही उबळ यायला पुरते, आणि हा हळवेपणा कित्येक आठवडे टिकू शकतो. आपण आठ आठवड्यांची रेषा ओलांडली आहे, म्हणून पद्धतशीर तपासणी आवश्यक आहे. पण त्या रेषेचा अर्थ 'गंभीर आजार' असा नाही. धूम्रपान न करणाऱ्या आणि एक्स-रे स्वच्छ असलेल्या माणसात दीर्घ खोकल्याची नेहमीची कारणे म्हणजे नाकामागून घशात उतरणारा स्राव, दम्याचा केवळ खोकल्याच्या रूपात दिसणारा प्रकार आणि जठरातले आम्ल वर येणे. यांतली दोन कारणे एकाच वेळी असणेही अगदी सामान्य आहे. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या गटातली गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आपल्या देशात एक गोष्ट यात धरावीच लागते, ती म्हणजे क्षयरोग. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावी, असे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचे सांगणे आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. एक्स-रे स्वच्छ आहे, संध्याकाळचा ताप नाही, वजन उतरलेले नाही, रात्री घाम येत नाही, असे आपण लिहिले आहे, त्यामुळे ही शक्यता बरीच मागे पडते. तरीही डॉक्टरांशी याबद्दल एकदा स्पष्ट बोलून तो प्रश्न निकालात काढा. मनात अर्धवट ठेवलेली शंका रात्री दुपटीने मोठी होते.

आता आम्लपित्त. जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडली की आतले आम्ल अन्ननलिकेत वर चढते. त्याचे सूक्ष्म थेंब घशापर्यंत आले तर घसा खवखवतो, आवाज बसतो, सकाळी सारखे खाकरावेसे वाटते. पण आम्ल घशापर्यंत पोचले नाही तरी खोकला येऊ शकतो, कारण अन्ननलिका आणि श्वासनलिका या दोन्हींची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस नावाच्या एकाच चेतातंतूतून जाते, आणि खालच्या टोकाला झालेली चुरचुर वरच्या टोकाला उबळ उठवते. म्हणूनच अनेकांना छातीत जळजळ अजिबात नसताना आम्लामुळे खोकला असतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर जळजळ नसलेल्या खोकल्यात नुसत्या गोळीचा उपयोग बऱ्याचदा होत नाही, कारण गोळी आम्ल कमी करते, वर चढणे थांबवत नाही. शिवाय गोळीचा खरोखर उपयोग होणार असेल तेव्हाही खोकला ओसरायला दोन-तीन महिने लागू शकतात. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, यावरून 'म्हणजे काहीतरी भयंकर आहे' हा निष्कर्ष निघत नाही. फार तर 'अजून पाहावे लागेल' एवढाच निघतो. गोळी आपण नाश्त्यानंतर घेत असाल, तर डॉक्टरांना विचारून ती खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्या, कारण तिचा परिणाम त्या क्रमानेच नीट होतो.

माझ्या मते गोळीइतकेच महत्त्व रात्रीच्या जेवणाला आणि झोपण्याच्या पद्धतीला आहे. शहरात साडेनऊ-दहाला जेवून अकराला आडवे होण्याची रीत पडली आहे, आणि ती आम्लाला सर्वांत सोयीची आहे. जेवण आणि झोप यांत तीन तास राहतील असे पाहा. उशाला दोन-तीन उशा रचल्याने पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो. त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे देऊन तो भाग सहा ते आठ इंच उचला. पहिल्या काही रात्री खाली घसरल्यासारखे वाटते, चादर पायाशी गोळा होते, पण सवय होते. डाव्या कुशीवर झोपण्याचाही फायदा होतो. पोटाचा घेर वाढलेला असेल तर वजन थोडे उतरवणे हा औषधाच्या तोडीचा उपाय आहे. तिखट, तळलेले, चहा-कॉफी यांपैकी काय बाधते ते प्रत्येकाचे वेगळे असते. सगळेच एकदम बंद करून भातावर राहण्याची गरज नाही, आणि तसे केल्याने मन मात्र सतत ताटावर खिळून राहते.

घरगुती उपायांबद्दल थोडे सांगतो, कारण घरातले सगळे प्रेमाने काहीतरी सुचवत असतील. चमचाभर मध घशाला खरोखर आराम देतो. झोपायच्या तोंडावर भांडेभर हळदीचे दूध पिणे मात्र आम्लपित्त असलेल्याने टाळावे, कारण भरल्या पोटी आडवे होणे हाच तर मूळ प्रश्न आहे. पुदिना ती झडप सैल करतो, त्यामुळे पेपरमिंटच्या गोळ्या सतत चघळू नयेत. ज्येष्ठमध अधूनमधून ठीक. पण रोज आणि भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम कमी होते, हे फारसे कुणी सांगत नाही.

खोकला आणि भीती जिथे एकमेकांना भेटतात, ती जागा म्हणजे खाकरणे. घशात काही अडकले आहे का, हे पाहण्यासाठी आपण दिवसभर खाकरतो. प्रत्येक खाकरण्याने स्वरयंत्राचे अस्तर थोडे अधिक चिडते. चिडलेल्या अस्तराला पुन्हा काहीतरी अडकल्यासारखे वाटते. उबळ येईल असे वाटताच तोंड मिटून एक आवंढा गिळा किंवा पाण्याचा लहान घोट घ्या, आणि नंतर नाकाने सावकाश श्वास घेत पोट पुढे येऊ द्या. पोटाने श्वास घेण्याचा हा सराव जेवणानंतरही काही मिनिटे करावा. त्याने छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या स्नायूला बळ मिळून आम्ल वर येणे कमी होते आणि वारंवार येणारे ढेकरही आवरतात. घशात गोळा अडकल्यासारखे वाटते, त्याबद्दल एक खूण लक्षात ठेवा. जेवताना तो जाणवत नाही आणि नुसता आवंढा गिळताना जाणवतो, असे असेल तर ते बहुधा स्नायूंच्या ताणाचे असते. घास खरोखर अडकत असेल तर ते वेगळे, आणि ते डॉक्टरांना लगेच सांगायचे.

आता भीतीविषयी, कारण आपल्या लिहिण्यात तिचाच भार जास्त आहे. आरशासमोर मोबाइलची बॅटरी लावून घसा पाहणे, मानेच्या गाठी चाचपणे, बेसिनमध्ये थुंकून रंग निरखणे, दिवसातून अनेकदा वजनकाट्यावर उभे राहणे, हे सगळे आपण करता असे आपण मोकळेपणाने लिहिले आहे. जिभेच्या अगदी मागे दिसलेल्या ज्या मोठ्या पुटकुळ्यांनी आपला जीव घाबरला, त्या प्रत्येक माणसाच्या जिभेवर असतात: इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात आठ ते बारा. त्या चव ओळखण्यासाठी असतात. एरवी इतक्या आत कुणी पाहत नाही, म्हणून नव्या वाटतात. मानेतल्या गाठी सारख्या दाबल्या की त्या दुखू लागतात, आणि मग दुखणे हाच नवा पुरावा होऊन बसतो. पाहण्याने क्षणभर बरे वाटते, ते बरे वाटणे तासाभरात ओसरते, आणि पुढच्या वेळी पाहिल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टरांचे 'काही नाही' हे शब्दही याच रीतीने संपतात, म्हणून तिसरा आणि चौथा डॉक्टर गाठावासा वाटतो.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिच्यातला एक विचार मला या बाबतीत फार उपयोगी वाटतो. आपल्याला निरोगी असण्याची इच्छा आहे, ती रास्त आहे. पण 'मला गंभीर काही नाही याची शंभर टक्के खात्री मला मिळालीच पाहिजे' हा हट्ट आहे, आणि तो जगातली कुठलीही तपासणी पुरवू शकत नाही, कारण काल काढलेला एक्स-रे उद्याबद्दल बोलत नाही. या हट्टाच्या जागी 'खात्री मिळाली तर आवडेल, पण ती नसतानाही मी योग्य ती तपासणी करून कामाला लागू शकतो' हे वाक्य बसवायचे. नुसते वाचून ते बसत नाही. रोज, भीती जोरात असताना, लिहून काढावे लागते. एका वहीत डाव्या बाजूला 'आज मला काय होईल असे वाटले' आणि उजव्या बाजूला 'प्रत्यक्षात काय झाले' असे लिहा. काही आठवड्यांनी ती पाने सलग वाचली की आपले भाकीत किती वेळा चुकले ते स्वतःच्या अक्षरात समोर येते, आणि त्याचे वजन माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त असते.

याच्या जोडीला पाहण्याची सवय मोडावी लागते, तीही हळूहळू. गाठ चाचपावीशी वाटली की आधी अर्धा तास थांबा. तेवढ्यात ओढ बऱ्याचदा ओसरते. लक्षणे मोबाइलवर शोधणे मात्र पूर्ण बंद करा, कारण तिथे थोडे वाचून थांबणे जमत नाही. एकच डॉक्टर निवडा आणि त्यांच्याकडे तीन-चार आठवड्यांनी जायची तारीख ठरवून ठेवा. त्या दिवशी खोकला कमी असला तरी जायचे आणि मधल्या काळात, खाली दिलेली लक्षणे नसतील तर, जायचे नाही. आपल्या पत्नीला रोज 'मला काही झाले नसेल ना' असे विचारता आणि त्या थकल्या आहेत, हे वाचून वाईट वाटले. त्यांच्याशी शांतपणे बोलून असे ठरवा की, त्या प्रश्नावर त्या 'आपण हे तारखेला डॉक्टरांना विचारू' एवढेच म्हणतील. पहिले काही दिवस ते कोरडे वाटेल, पण त्यात दोघांचेही हित आहे.

एवढे करूनही झोप, काम, घर यांवर परिणाम होत राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत जरूर घ्या. आजाराच्या भीतीवर विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो, आणि गरज असेल तिथे औषधेही असतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. रात्री मोबाइल हातात आलाच, तर शोधपेटीत लक्षण टाकण्याऐवजी हा क्रमांक लावा.

ज्या लक्षणांसाठी तारखेची वाट पाहायची नाही, ती अशी: खोकल्यातून किंवा उलटीतून रक्त येणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, संध्याकाळचा ताप, वाढती धाप, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर 'गॅस झाला असेल' म्हणत सोडा पीत बसू नका. लगेच १०८ला फोन करा. आपल्याकडे या एका समजुतीने हृदयविकारात मोलाचा वेळ जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

राहिला सीटी स्कॅनचा प्रश्न. माझे मत, स्वतःहून करू नका. स्कॅनमध्ये अनेकदा जुन्या, कधीच बऱ्या झालेल्या संसर्गाचा लहानसा व्रण किंवा ठिपका दिसतो. आपल्या देशात तसा व्रण बाळगणारी निरोगी माणसे पुष्कळ आहेत. अहवालातला तो एक शब्द घेऊन आपण पुन्हा मोबाइलकडे वळाल, ही मला खरी धास्ती आहे. त्याऐवजी पुढच्या भेटीत डॉक्टरांना कागदावर लिहून तीन गोष्टी विचारा: दम्याच्या खोकल्यासाठी फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करावी का, नाकामागच्या स्रावासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे का, आणि पॅन्टोप्राझोल किती काळ घेऊन, कोणत्या क्रमाने कमी करायचे. एवढे झाल्यावरही खोकला टिकला, तर स्कॅनची वेळ आली आहे की नाही हे ते सांगतील, आणि त्यांनी सांगितल्यास तो जरूर करावा.