दोन भागांतले न्यूरॉन एकदम फायर झाले म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न: सशाला आवाज ऐकवून लगेच डोळ्यावर हवेचा झोत सोडला, असं बरेचदा केलं की पुढे नुसत्या आवाजानेच तो डोळा मिटतो, हे कंडिशनिंग कळलं. पण त्या वेळी कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या वरच्या थराच्या) लांबलांबच्या दोन भागांतले न्यूरॉन (मेंदूतल्या पेशी) जोडीने फायर व्हायला लागतात असं वाचलं. हे मोजतात कसं? आणि त्यांच्यात नवीन कनेक्शन झालं असं समजायचं का?

उत्तर: मोजायची रीत आधी सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. दोन्ही भागांत केसासारखे बारीक इलेक्ट्रोड, म्हणजे पेशींची वीज टिपणाऱ्या तारा, असतात. न्यूरॉन फायर होतो तेव्हा विजेचा एक छोटा झटका येतो, ती स्पाइक, साधारण 1 मिलिसेकंदाची. आता पहिल्या न्यूरॉनची प्रत्येक स्पाइक शून्यावर ठेवायची आणि दुसऱ्याची त्याच्या किती आधी किंवा किती नंतर आली ते मोजत जायचं, हजारो स्पाइक झाल्या की आलेख तयार होतो. दोघांचा काहीच संबंध नसेल तर तो सपाट येतो आणि शून्याच्या थोडं पुढे, समजा 5 मिलिसेकंदांवर, उंचवटा दिसला तर दुसरा बहुतेक वेळा पहिल्याच्या मागोमाग फायर होतोय.

पण इथेच घाई होते. दोन घरांतून एकाच क्षणी ओरडा ऐकू आला म्हणून ती माणसं फोनवर बोलतायत असं होत नाही ना, दोघांकडे तीच मॅच चालू असेल. तसंच आवाजाने दोन्ही भाग आपापले जागे झाले तरी उंचवटा येणारच. म्हणून पहिल्या न्यूरॉनची नोंद एका ट्रायलची (आवाज-झोताच्या एका फेरीची) आणि दुसऱ्याची पुढच्या ट्रायलची घेऊन तोच आलेख परत काढतात, त्यातही जेवढा उंचवटा राहिला तेवढा आवाजाचा, तो वजा करायचा. उरलेलं खरं इंटरेस्टिंग, पण तरी थॅलॅमस (मेंदूच्या आतला, कॉर्टेक्सकडे संदेश पाठवणारा भाग) यासारखा तिसराच कुणी दोघांना ढकलत असू शकतो, आणि ससा डोळा मिटतोय, दचकतोय, त्याचाही परिणाम असतोच. त्यामुळे दुसऱ्या सशांना आवाज आणि झोत वेगवेगळ्या वेळी, जोडी न जमवता देतात. त्यांच्यातही ताळमेळ तेवढाच वाढला तर तो शिकण्याचा म्हणता येत नाही. माझ्या मते हा ग्रुप नसेल तर बाकी आलेख कितीही देखणे असोत, फार भरवसा ठेवू नये.

लांबच्या भागांचा ताळमेळ बघायची कल्पना जुनी आहे, सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल लिवानोव यांनी सशांच्या कॉर्टेक्सवरच्या विद्युत लहरी एकाच वेळी बऱ्याच जागांवरून टिपून नेमकं हेच शोधलं होतं. फक्त लहर म्हणजे असंख्य पेशींची बेरीज, एकेका न्यूरॉनची गोष्ट नाही.

आता कनेक्शनचं. नुसत्या ताळमेळावरून नवीन कनेक्शन झालं असं समजू नये. ताळमेळ दिसला तरी शिकण्यासाठी तो लागतोच असं नाही, ते बघायला मस्सिमॉलसारखं औषध सोडून एक भाग थोडा वेळ गप्प करतात आणि प्राणी अजून शिकतो का ते पाहतात. 1980च्या दशकात रिचर्ड थॉम्पसन यांच्या लॅबने दाखवलं की आवाज चालू असतानाच झोत येत असेल तर ही आठवण लहान मेंदूत बनते, त्यासाठी कॉर्टेक्सची गरजच पडत नाही! पण आवाज थांबून मध्ये अर्धा सेकंद शांतता गेली आणि मग झोत आला, की तेवढा वेळ आवाज कुणीतरी धरून ठेवायला हवा, आणि तिथे हिप्पोकॅम्पस (आठवणींशी जोडलेला मेंदूचा आतला भाग) आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला (कॉर्टेक्सच्या पुढच्या भागाला) इजा झालेला ससा अडकतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर या मधल्या शांततेतल्या स्पाइक बघायला हव्यात, कारण तेव्हा बाहेरून आवाजही नसतो आणि झोतही नसतो.