सध्या कोणती कादंबरी वाचत आहात आणि ती कशी वाटते आहे?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. पूर्वी वाचली होती, आता पुन्हा घेतलीय आणि मुद्दाम सावकाश वाचतेय. "परीक्षण नको, पुस्तक हातात असतानाचं मत सांगा" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ते मला फार पटलं. पुस्तक मिटल्यावर आपण सगळं शेवटाच्या उजेडात बघायला लागतो आणि मधल्या पानांवर काय वाटलं होतं ते विरून जातं.

गोष्ट तशी साधी. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर नेमणूक होऊन धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा नावापुरती, पोरं मेंढरांमागे रानात. आधी म्हातारा कारभारी त्याला आपला म्हणतो, मग हळूहळू वाडी म्हणते. मास्तर पोरांना शिकवतो, मोठ्यांची नडलेली कामं करून देतो, गावाला हाताशी धरून तालीम उभी करतो. पुढे दुष्काळ पडतो. पुस्तक 1955 सालचं आणि इतकं लहान की मनात आणलं तर एका बैठकीत संपेल.

या वाचनात माझं लक्ष सारखं मास्तरकडे जातंय. कादंबरी तोच सांगतोय, पण स्वतःबद्दल किती कमी बोलतो! एक प्रसंग घ्या. वाडीतल्या शेकूकडे बैल एकच. औताला दुसरा काही केल्या मिळत नाही. शेवटी जुवाची दुसरी बाजू त्याची बायको खांद्यावर घेते आणि बैलाच्या बरोबरीने औत ओढते. असा प्रसंग हाताशी आल्यावर कुणाही लेखकाला गरिबीवर चार वाक्यं लिहायचा मोह झाला असता. माडगूळकर ते बाईच्या खांद्यावरचं जू दाखवतात आणि आपल्याला तिथंच सोडतात. ते चित्रंही उत्तम काढायचे. नेमकं किती दाखवायचं आणि कुठे हात थांबवायचा हे त्यांना तिथूनच आलं असावं, असा माझा आपला अंदाज. शिवाय हा मुलूख त्यांचा स्वतःचा. जन्म माणदेशातल्याच माडगूळचा, त्यामुळे 'खेडं कसं असतं' हे शहरी वाचकाला समजावत बसायची त्यांना गरजच पडत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला मला भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (1963) दिसते. तिथेही एक तरुण मुलगा आपली गोष्ट सांगतो. पण पांडुरंग सांगवीकरच्या बाबतीत गाव, वडील, पुण्यातलं होस्टेल, मित्र हे सगळं आधी त्याच्या डोक्यातून फिरतं आणि मगच आपल्यापर्यंत येतं. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं तर मला आजही सलग वाचवत नाहीत. दोन्ही कादंबऱ्या मला प्रिय आहेत, पण सध्या मास्तरचं हे बाजूला उभं राहणं जास्त भावतंय. स्वतःचं दुःख उगाळणारे नायक गेल्या काही वर्षांत मी खूप वाचले, त्याचाही परिणाम असेल.

खटकतं ते पण सांगते. त्या औत ओढणाऱ्या बाईच्या मनात काय चाललंय, हे आपल्याला कधीच कळत नाही. कारभाऱ्याची मुलगी अंजी येते, जिवंत वाटते आणि पुन्हा कडेला जाते. मास्तर बाहेरून आलेला तरुण पुरुष, त्याला बायकांच्या आतलं दिसणार तरी कसं, हे मान्य. तरीही ती पोकळी जाणवते, आणि पहिल्या वाचनापेक्षा आता जास्तच. काही प्रसंग मण्यांसारखे एकापुढे एक ओवलेत, त्यामुळे 'पुढे काय होणार' या ओढीने वाचणाऱ्याला मधे सैल वाटू शकतं.

तुम्ही म्हणताय की एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी अर्ध्यावर सोडलीत आणि त्याची टोचणी लागलीय. खरंच लावून घेऊ नका. नको झालेलं पुस्तक रेटत राहिलं की वाचनच सुटतं. मधे 'बनगरवाडी' घ्या. संवादांतली बोली सुरुवातीला अडली तर ते मोठ्याने वाचा, कानाला लगेच सवय होते. अमोल पालेकरांचा याच नावाचा चित्रपट आहे (1995), पण तो नंतर बघा, नाहीतर कारभाऱ्याचा चेहरा तुमचा तुम्हाला रंगवता येणार नाही.

आणि वाचायला घेतलीत तर संपायची वाट न बघता इथे लिहा. कारभाऱ्याबद्दल तर नक्की लिहा. मास्तरवरची त्याची माया आणि त्याचा ताठा यांतलं काय खरं मानायचं, यावर माझं मत अजून बसत नाहीये.