सी अ‍ॅपल घेऊ का? खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, 7 महिने झाले. दोन क्लाऊनफिश आणि चार-पाच गोगलगायी मजेत आहेत. मुंबईत एका दुकानात लाल-जांभळा सी अ‍ॅपल हा समुद्री प्राणी बघितला आणि जीव त्याच्यातच अडकलाय. दुकानदार म्हणतो याला वेगळं काही घालायला लागत नाही, पाण्यातनंच खातो. सोबत अ‍ॅनिमोनपण (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) घ्यावा म्हणतोय, क्लाऊनना घर होईल. घेऊ का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दादा, सी अ‍ॅपल नको. अगदी मनापासून सांगतो, नकोच.

दुकानदार म्हणतो ते अर्धं खरं आहे, तो पाण्यातनंच खातो, पण काय खातो? पाण्यात तरंगणारं डोळ्याला न दिसणारं सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव. समुद्रात ते दिवसरात्र वाहत येत असतं, तो पिसांसारखे हात पसरतो आणि एकेक हात तोंडात घालून चाटून घेतो. आपल्या टँकचं पाणी आपण फिल्टर लावून स्वच्छ ठेवतो, म्हणजे त्याचं ताटच रोज धुऊन टाकतो. दिवसातनं पाच-सहा वेळा फायटोप्लँक्टन, म्हणजे तेच सूक्ष्म शेवाळ, घातलं तर पाणी बिघडतं, नाही घातलं तर तो उपाशी, आणि उपासमार लगेच कळतपण नाही कारण तो आक्रसत आक्रसत कित्येक महिने काढतो, रंग तसाच राहतो, आपल्याला वाटतं बरा आहे. आणि मग पुढचं. हा समुद्रकाकडीच्या कुळातला प्राणी, अंगात विष बाळगणारा. माशानं टोचलं, पंपात अडकला किंवा मेला तर ते विष पाण्यात सुटतं आणि त्यानं मासे मरतात, कधी एका रात्रीत सगळा टँक. तुमच्या तीन फुटी टँकच्या पाण्यात ते पातळ व्हायलाही जागा नाही. शिवाय समुद्रकाकड्यांना आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळं असला प्राणी विकणाऱ्याला आधी कागद मागा.

अ‍ॅनिमोनचं मात्र कायमचं नको म्हणत नाही, आत्ता नको म्हणतो. टँक वर्षाचा होऊ द्या. त्याच्या अंगात एकपेशीय शेवाळ राहतं, त्याचं बरंचसं अन्न त्या शेवाळाकडनं येतं आणि शेवाळाला कडक उजेड लागतो, साध्या टँकच्या लाईटवर तो पांढरा पडत जातो. पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन दुकानात लई देखणा दिसतो, पण तो आजारी असतो, तो उचलू नका. आणि अ‍ॅनिमोन चालतो! जागा नाही आवडली की उठून फिरतो. माझा एक असाच रात्रीत पॉवरहेडमध्ये, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपात, गेला, सकाळी पाणी दुधासारखं, दोन मासे गेले, तो वास अजून नाकात आहे. तेव्हापासून मी पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी लावल्याशिवाय अ‍ॅनिमोन घरात आणत नाही. क्लाऊनची काळजी करू नका, ते अ‍ॅनिमोनशिवाय छान जगतात.

अजून एक, आपल्या सांगलीचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. या जिवांना 24 ते 26 डिग्री लागतात. पंखा लावला की पाणी गार होतं पण आटतंही जास्त, आणि मीठ आटत नाही, त्यामुळं रोजची भर साध्या आरओच्या पाण्यानं घाला, मिठाच्या नाही. बॅटरीवरचा एअरपंप घरात पाहिजेच.

प्रश्न : विकत आणलेल्या दगडावर तपकिरी बटणांसारखे पॉलिप आलेत, सगळीकडं पसरतायत. आई म्हणते दगड उकळत्या पाण्यात टाकून ब्रशनं घास. चालेल का? – एक वाचक, सदर बझार, सातारा

उत्तर : ताई, थांबा, दगड उकळू नका आणि आईलापण करू देऊ नका! ते झोअँथिड, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातले बटणासारखे जीव, असणार, त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. दगड उकळला की ते वाफेतनं श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं दवाखान्यात जातात, असं जगात बऱ्याच घरांत घडलंय. कोरडा घासणंपण तितकंच वाईट. काढायचेच असतील तर दगड बादलीत, टँकच्याच पाण्याखाली ठेवून, अंगणात, हातमोजे आणि डोळ्याला गॉगल लावून चिमट्यानं सोडवा. हाताला जखम असेल तर त्या दिवशी हात घालू नका. नंतर तोंडाला धातूसारखी चव आली, ताप किंवा दम लागला तर वाट न बघता दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव सांगा, कारण त्यांच्यासमोर अशी केस रोज येत नाही.

प्रश्न : माशांवर पांढरे ठिपके आलेत. कॉपरचं (तांब्याचं) औषध टँकमध्ये टाकू का? आत कोळंबी आणि गोगलगायी आहेत. – एक वाचक, मिरज

उत्तर : त्या टँकमध्ये एक थेंबही नको. कॉपरनं ठिपके जातील पण कोळंबी, गोगलगायी सगळं मरेल, आणि दगड-वाळू कॉपर शोषून पुढं हळूहळू सोडत राहतात. मासे वेगळ्या टँकमध्ये काढा, औषध तिथंच द्या, आणि मोठा टँक अडीच महिने माशांविना ठेवा म्हणजे यजमान मासा न मिळाल्यानं ठिपके आणणारा परजीवी मरतो. कोळंबी आणि गोगलगायींना हा रोग होत नाही, त्यांना तिथंच राहू द्या, फक्त खायला घालायला विसरू नका.