८ इंची टेलिस्कोपमधून गुरूचे पट्टे येतात पण रंगच येत नाही, काय करू?

भावा, तू लिहिलंयस की गच्चीवरून कलर प्लॅनेटरी कॅमेऱ्यानं व्हिडिओ घेतोस, स्टॅक केल्यावर (म्हणजे फ्रेम एकावर एक रचून सरासरी काढल्यावर) पट्टे बऱ्यापैकी उठतात पण सगळं फिकट गुलाबी-राखाडी, आणि सॅच्युरेशन वाढवलं की नुसता चिखल होतोय. सॅच्युरेशनचा नाद सोड आधी. रंग शूटिंगच्या वेळीच जातोय, नंतर कुठनं आणणार?

पहिलं बघ, कॅमेऱ्याच्या नोजपीसला (टेलिस्कोपात बसणारी नळी) यूव्ही-आयआर कट फिल्टर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड प्रकाश अडवणारी काच, आहे का. एएसआय २२४ एमसीसारख्या कॅमेऱ्याची पुढची काच इन्फ्रारेड अडवत नाही, आणि गंमत अशी की सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे फिल्टर दिसणाऱ्या प्रकाशापुरतेच वेगळे असतात, ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढं लालमधनं जास्त गळती सुरू होते (तुझा गुलाबीपणा बहुतेक हाच) आणि साधारण ८५० च्या पुढं तिन्ही जवळपास सारखेच पारदर्शक. म्हणजे तिन्ही चॅनेलमध्ये सारखाच प्रकाश भरतो, दुधात पाणी घातल्यागत, आणि फरक पातळ झाला की रंगही पातळ. माझं स्पष्ट मत, नवीन बार्लो (प्रतिमा मोठी करणारी भिंग) घ्यायच्या आधी हा फिल्टर घे.

मग हिस्टोग्राम, म्हणजे फ्रेममधला उजेड किती भरला ते दाखवणारा आलेख. ६५-७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नको, कारण विषुववृत्ताजवळचा पांढरट पट्टा आधी फाटतो (म्हणजे उजेड मर्यादेच्या वर जाऊन सपाट पांढरा होतो) आणि फाटलेल्या जागेत रंग शिल्लकच राहत नाही. गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवायचं सेटिंग) वाढला तरी चालतंय, हजारो फ्रेम स्टॅक झाल्या की नॉइज दबते. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, रेकॉर्डिंग रॉ मध्ये एसईआर फाइल (ग्रहांच्या व्हिडिओसाठी वापरतात तो फॉरमॅट). प्रीव्ह्यूत गुरू हिरवट दिसला तर घाबरू नको, व्हाइट बॅलन्स न लावलेल्या रॉ मध्ये सेन्सर हिरव्याला जास्त संवेदनशील असतो म्हणून ते. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत आटपायचा, हा गडी दहा तासांच्या आत अख्खा फिरतो.

आता आपल्या कोल्हापूरकडचं. गाळप हंगामात पाचट पेटवतात, पंचगंगेकडनं धुकं येतं, त्या धुरकटात निळा प्रकाश विखुरतो आणि ग्रह पिवळा पडतो. हवा मात्र अशा रात्री बऱ्याचदा एकदम स्थिर असते, त्यामुळं शूट सोडायचं नाही, फक्त ग्रह उंच येईपर्यंत थांबायचं. खाली असताना वातावरण प्रिझमचं काम करतं, एका कडेला निळी किनार, दुसऱ्या कडेला लाल. आपण १६.७ अक्षांशावर, जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला (गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा) गुरू मिथुनेत होता तेव्हा आपल्याकडं ८४ अंशांच्या वर चढला, युरोपातल्या लोकांना हे सुख नाही. पन्हाळ्याला जायची पण गरज नाही, ग्रहांना गावातले दिवे आडवे येत नाहीत.

प्रोसेसिंग थोडक्यात: ऑटोस्टॅकर्ट या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या २५-३० टक्के फ्रेम, १६ बिट टिफ, आरजीबी अलाइन (लाल, हिरवा, निळा एकमेकांवर नीट बसवणं), मग वेव्हलेट (बारीक तपशील उठवायचं शार्पनिंग), तिन्ही चॅनेल जुळवून झाल्यावरच सॅच्युरेशन, तेही दोनदा थोडं थोडं. आणि पोस्टरातला भडक केशरी गुरू डोळ्यापुढं ठेवू नको, ते रंग बऱ्याचदा मुद्दाम वाढवलेले असतात. खरा गुरू सायीच्या रंगाचा, पट्टे तपकिरी, लाल डाग विटकरी-गुलाबी.

फिल्टर आला की एकाच रात्री एक व्हिडिओ लावून आणि एक न लावता घे, हिस्टोग्राम सारखा ठेवून, आणि दोन्ही स्टॅक इथं टाक, बघूया.