सुपरमार्केटमधील तयार पाकिटे : काय बंद करावे आणि काय चालू ठेवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घरात दोघेही नोकरी करणारे, दोन मुले, स्वयंपाकाला संध्याकाळचा जेमतेम तासभर, आणि तरीही महिन्याचे किराण्याचे बिल वाढतच चालले आहे. त्यातला बराच भाग इडलीचे पीठ, मोड आलेली मटकी, आले-लसूण पेस्ट, मसाला ओट्स, चिरलेल्या भाज्या आणि फ्रोझन पोळ्या यांचा आहे, तर यांतले काय बंद करावे? सगळेच बंद करा, असे मी सांगणार नाही. तसा निश्चय फार दिवस टिकत नाही आणि तो मोडला की बाहेरून जेवण मागवण्यात त्याहून जास्त पैसे जातात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यांतली बरीचशी पाकिटे आपले श्रम फारसे वाचवत नाहीत. ती आपली पूर्वतयारी वाचवतात. मटकी भिजत घालायला दोन मिनिटे लागतात, परंतु ती आज खायची असेल तर परवा आठवण व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचे पैसे आपण मोजतो. म्हणून जिथे काम थोडे पण आठवण आधी लागते, तिथे पाकीट बंद करणे सोपे असते. जिथे काम खरोखरच किचकट आहे, तिथे पाकीट घेण्यात काहीच गैर नाही.

भाव ताडून पाहण्यासाठी पाकिटावरची एमआरपी पुरेशी नाही. तिच्याजवळच बारीक अक्षरांत एककाचा दर छापलेला असतो आणि तो छापणे आता बंधनकारक आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर हा दर प्रति ग्रॅम आणि त्याहून मोठ्या पाकिटावर प्रति किलो लिहितात, त्यामुळे ०.५० आणि १९० हे आकडे शेजारी दिसले तरी तुलना चटकन होत नाही. ग्रॅमच्या दराला हजाराने गुणले की ०.५० रुपये म्हणजे किलोला ५०० रुपये, हे उघड होते. ठरावीक वजनाचीच पाकिटे विकण्याची पूर्वीची सक्तीही आता उरलेली नाही. म्हणून किंमत तीच ठेवून १०० ग्रॅमच्या जागी ८५ ग्रॅम भरले, तरी एककाच्या दरावरून ते लगेच कळते. (पुढील सर्व भाव अंदाजे आहेत; आपल्या भागातले आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.)

सर्वांत मोठी बचत इडली-डोशाच्या पिठात आहे. किलोभर तयार पीठ साधारण ९० रुपयांना मिळते आणि त्यात वजनाने अर्ध्याहून अधिक पाणी असते. घरी ३०० ग्रॅम इडलीचा तांदूळ आणि १०० ग्रॅम उडीद डाळ घेतली की जवळपास तेवढेच पीठ होते. तांदूळ ५५ रुपये आणि डाळ १४० रुपये किलो धरली, तर खर्च ३०-३१ रुपये येतो. आठवड्याला दोन पाकिटे लागत असतील, तर महिन्याला पाचशे रुपयांच्या आसपास फरक पडतो. प्रत्यक्ष काम मात्र वीस मिनिटांचे आहे. शनिवारी सकाळी डाळ आणि तांदूळ वेगवेगळे भिजत घालावेत, डाळीत चमचाभर मेथीदाणे टाकावेत, आणि संध्याकाळी आधी डाळ गार पाणी घालून अगदी हलकी होईपर्यंत वाटावी. वाटीभर पाण्यात तिचा थेंब टाकल्यावर तो तरंगला, की डाळ झाली असे समजावे. तांदूळ किंचित रवाळ ठेवून दोन्ही हाताने एकत्र फेटावेत. मुंबई-कोकणात उन्हाळ्यात हे पीठ सात-आठ तासांत फुगून पातेल्याबाहेर येते, म्हणून पातेले अर्धेच भरावे. पुण्या-नाशिकच्या थंडीत मात्र ते सकाळीही जसेच्या तसे दिसते, तेव्हा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवले तर काम होते. रविवारी इडल्या, आठवड्यात मध्येच एकदा डोसे आणि पीठ आंबट होऊ लागले की कांदा-मिरची घालून आप्पे, एवढ्यात फ्रिजमधले पीठ संपते.

मटकीचे गणित आणखी सोपे आहे. २०० ग्रॅम मोड आलेल्या मटकीला ३५ रुपये पडतात आणि तेवढी मटकी १०० ग्रॅम कोरड्या मटकीपासून, म्हणजे १२ रुपयांत होते. रात्री भिजवून सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेवली, की दुसऱ्या दिवशी सकाळी उसळीसाठी तयार असते. एकदम जास्त भिजवून निम्मी फ्रिजमध्ये ठेवावी. तिथे मोड हळूहळू वाढतात, पण मटकी तीन-चार दिवस चांगली राहते.

आले-लसूण पेस्ट विकत घेण्याआधी मागचे घटक वाचावेत. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे आवश्यक असते, त्यामुळे पाणी आणि मीठ यादीत किती वर आहेत यावरून आपण कशाचे पैसे देत आहोत ते समजते. घरी एकदाच पावकिलो लसूण सोलून, आल्याबरोबर वाटून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावी आणि रोज एक-दोन वड्या काढाव्यात. लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवण्याची पद्धत मात्र टाळावी. तशा साठवणीत बोट्युलिझम या घातक विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि ते वासावरून कळत नाही.

मसाला ओट्स आणि कपातले झटपट पोहे यांच्याविषयी माझे मत कडक आहे. साधे ओट्स १९० रुपये किलो असताना मसाला ओट्सचे छोटे पाकीट ५०० रुपये किलोच्या दराने पडते, आणि वरचा पैसा मीठ, साखर व वाळवलेल्या भाजीच्या चार तुकड्यांना जातो. पोह्यांचे तर काय सांगावे! भात (साळ) भिजवून, भाजून, चपटा करून आपल्या पूर्वजांनी झटपट पदार्थ केव्हाच तयार करून ठेवला आहे. त्याला पुन्हा झटपट करून सत्तर रुपये किलोची वस्तू दहापट दराने घेण्यात अर्थ नाही. मुलांना सकाळी घाई असेल, तर पातळ पोह्यांत भाजलेले शेंगदाणे, डाळे, मेतकूट आणि मीठ-साखर घालून डबा भरून ठेवावा. आयत्या वेळी वर कांदा, कोथिंबीर आणि चमचाभर तेल घातले की झाले.

चिरलेल्या भाज्यांमध्ये भेद करावा. फरसबी, गाजर, कोबी यांत टाकाऊ भाग थोडा आणि चिरणे सोपे, तेव्हा दुप्पट दर देऊ नये. शिवाय चिरलेली भाजी लवकर खराब होते. कच्चा फणस आणि सुरण यांचे चीक आणि खाज सोसण्यापेक्षा साफ केलेले तुकडे घेणे शहाणपणाचे आहे.

काही पाकिटे मात्र बंद करू नयेत, ती खुशाल घेत राहावीत. किलोभर मटारच्या शेंगांतून दाणे निम्मेच निघतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत शेंगा स्वस्त असताना त्या घ्याव्यात आणि पावसाळ्यात फ्रोझन मटार घ्यावेत. त्या दिवसांत तेच स्वस्त पडतात. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेले होते, तेव्हा पाकिटातली प्युरी हाच काटकसरीचा मार्ग होता. पनीरही घरी करण्याचा आग्रह नको. लिटरभर म्हशीच्या दुधातून साधारण २०० ग्रॅम पनीर निघते. दुधाचे ७५ रुपये आणि पाकिटाचे ९० रुपये, यांतल्या फरकासाठी कामाच्या दिवशी दूध फाडत बसावे असे मला वाटत नाही.

फ्रोझन पोळ्यांबद्दल आपण वेगळे विचारले आहे. किलोभर कणकेच्या मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात. गहू आणून गिरणीवर दळण दिले, तर तेल-गॅस धरूनही एका पोळीला दोन-अडीच रुपयांच्या वर खर्च येत नाही, आणि पाकिटातली पोळी दहाच्या घरात जाते. परंतु येथे वाचतात ते खरे श्रम आहेत. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवता येते, लाटणे मात्र टळत नाही. दोघांनाही ते जमण्यासारखे नसेल, तर पाकिटाऐवजी जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून किंवा बचत गटाकडून रोजच्या पोळ्या सांगाव्यात. दर जवळपास तोच असतो, पोळी त्याच दिवशीची असते, आणि महिन्याचे एकदम सांगितले तर रुपया-दोन रुपये कमीही करून मिळतात.