वाचकांचे प्रश्न : जुनी थ्री-नॉट-थ्री ओळखायची कशी?

प्रश्न : आजोबांच्या नावावर परवाना असलेली रायफल घरात आहे. तिच्यावर मुकुट, खाली जी. आर., मग बी. एस. ए. को., १९१७ आणि रोमन तीनपुढे एक चांदणी आहे. शिवाय नळीवर वेगळा आणि बोल्टवर वेगळा नंबर दिसतो. ही नेमकी कुठली?

उत्तर : आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा आणि नळीच्या मागच्या तोंडात काडतूस नाही ना, हे बोट घालून पाहा. वाचन त्यानंतर.

बोल्टच्या मुठीखाली, दस्ता ज्या पोलादी कड्यात बसतो तिथले हे ठसे म्हणजे रायफलीचा जन्मदाखला. तुमची रायफल शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क तीन, चांदणीवाली. बनवणारे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. चांदणी म्हणजे महायुद्धाच्या घाईत काही भाग गाळून सोपी केलेली आवृत्ती : मॅगझिन बंद करणारी पट्टी गेली, लांबच्या माऱ्यासाठी नेम धरायची बाजूची निशाणी गेली. जी. आर. म्हणजे राजा पाचवा जॉर्ज. व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १९०१ च्या जानेवारीपर्यंत, आणि ई. आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०, हे लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं.

नंबर मात्र फसवतो. अनेक कारखान्यांनी तेच आकडे पुन्हा पुन्हा वापरले, म्हणून कारखाना, वर्ष, नंबराआधीचं अक्षर आणि नंबर हे चारही एकत्र लिहून घ्या. अक्षर गाळणं ही नेहमीची चूक. नंबर एकाच जागी नसतो : पुढच्या पोलादी कड्यावर, नळीच्या बुडाशी, बोल्टच्या मुठीमागे, मागच्या निशाणीच्या पातीखाली, तोंडाच्या टोपीवर आणि तिथल्याच लाकडाखाली पाहा. बोल्टचा नंबर न जुळणं म्हणजे कधीतरी बोल्ट बदलला आहे. तो या नळीला मापून बसवला होता का, हे नंबर सांगत नाही. काडतुसामागची फट जास्त असेल तर पितळी कोठी फुटते. त्यामुळे अशी रायफल जाणत्या कारागिराने मापल्याशिवाय झाडू नये.

ठसे दिसत नसतील तर सुती कापडाने थोडं रॉकेल लावा आणि बॅटरी आडवी धरून उजेड पाडा. पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश दूर ठेवा. उथळ ठसे त्यातच जातात आणि किंमतही.

दस्त्यावर एल किंवा एस दिसला तर ते गावाचं किंवा कारखान्याचं नाव नव्हे. एल म्हणजे लांब आणि एस म्हणजे आखूड दस्ता, नेहमीच्या दस्त्यापेक्षा फरक अर्ध्या इंचाचा. बाणाच्या टोकाखाली आय म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती सरकारी नोकरीतून बाहेर विकलेली.

आजोबा हयात नसतील तर एक काम आजच करा. परवाना संपला की विनाविलंब हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ‘जुनी आहे, शोभेची आहे’ म्हणून सूट मिळत नाही. शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारालाच आहे, आणि थ्री-नॉट-थ्री बोअर, म्हणजे नळीचं .३०३ इंचाचं माप, तर प्रतिबंधित गटातलं.

प्रश्न : नळीवर २.२२२ आणि १८.५ टन असं कोरलं आहे. वजन का?

उत्तर : नाही. २.२२२ इंच ही काडतुसाच्या कोठीची लांबी, १८.५ टन हा दर चौरस इंचाला दाब. नागरी बाजारात विकण्यापूर्वी ब्रिटिश चाचणीगृहाने मारलेले हे ठसे. अर्थात रायफल लष्करातून कधीतरी सुटली आहे.

प्रश्न : एका विक्रेत्याकडच्या मार्क तीनवर व्ही. आर. आणि १८९२ आहे. खरी?

उत्तर : मार्क तीन आली १९०७ मध्ये, व्हिक्टोरिया राणी तेव्हा सहा वर्षांपूर्वी वारलेली. एनफिल्ड या शब्दातला एन उलटा आहे का, अक्षरं वेडीवाकडी आहेत का, पाहा. हे खैबरखिंडीकडच्या कारागिरांच्या नकलांचं ओळखचिन्ह. ठसे हातोडीने उतरवलेले, वर्ष मनाला येईल ते, पोलाद मऊ. अशी रायफल बारासाठी नाही.