जिल्हा परिषदेच्या शाळांना मिशेल री यांच्यासारखा कडक अधिकारी मिळाला तर त्या सुधारतील का?

नाही सुधारणार. तुम्ही प्रश्नासोबत अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाच्या 2008 च्या मुखपृष्ठाचा फोटो लावलाय, वर्गात हाती झाडू घेऊन उभ्या असलेल्या री बाईंचा. तो पाहून राहवलं नाही म्हणून लिहितोय. झाडू कोणासाठी आहे हे मास्तराला सांगावं लागत नाही.

बाई 2007 मध्ये अमेरिकेच्या राजधानीतल्या, वॉशिंग्टनच्या, सरकारी शाळांच्या प्रमुख झाल्या तेव्हा 37 वर्षांच्या होत्या. पाठीशी बाल्टिमोरच्या वर्गातली तीन वर्षं आणि शिक्षक भरतीची एक संस्था. त्यांनी 23 शाळा बंद केल्या, मुलांचे चाचणीतले गुण शिक्षकाच्या मूल्यमापनाला जोडले आणि जुलै 2010 मध्ये 241 शिक्षक घरी पाठवले. त्यातले 165 या मूल्यमापनात कमी पडले म्हणून. एवढं तुम्हाला ठाऊक असेलच.

आता माझं ऐका. 2015 मध्ये राज्य सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, पायाभूत चाचण्या आल्या. कल्पना वाईट नव्हती: पोरगं कुठं अडलंय ते आधी पाहा, मग शिकवा. पेपर आम्हीच घ्यायचे, आम्हीच तपासायचे, गुण आम्हीच भरायचे. मी यवतमाळकडच्या एका खेड्यात सातवीपर्यंतच्या शाळेचा मुख्याध्यापक, चौथीचा वर्गही माझ्याकडेच. मी खरे गुण भरले. सरासरी निम्म्याच्याही खाली. शेजारच्या गावात चौथीपर्यंतच्या शाळेवर माझा साडू होता. त्याच्या वर्गाची सरासरी नव्वदच्या वर.

चाचणीच्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो होतो. पोरं पेन्सिलनं लिहितात. पेपरांचा गठ्ठा पुढ्यात, टेबलावर खोडरबराचा काळपट चुरा, आणि तो फुंकर मारून चुरा उडवत होता. मला पाहून त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, "भाऊ, वरच्यायले आकडा पायजे न, देऊन टाका. पोट्ट्यायचं काय बिघडते?"

पुढच्या सभेत शाळांची नावं पडद्यावर आली. मला उभं केलं, त्याचा सत्कार झाला, आणि आठवड्याभरात मला खुलासा मागणारं पत्र आलं. सत्काराला मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून अटलांटाचं वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. तिथल्या शाळांच्या प्रमुख बेव्हर्ली हॉल 2009 मध्ये अमेरिकेतल्या वर्षातल्या सर्वोत्तम अधिकारी ठरल्या होत्या. 2011 मध्ये राज्याच्या चौकशीत 44 शाळांतल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. चुकीची उत्तरं खोडून बरोबर केलेली. तोच चुरा! बाईंनी आरोप नाकारले आणि खटल्याला उभं राहण्याआधीच 2015 मध्ये त्या वारल्या. शिक्षक मात्र दोषी ठरले. वॉशिंग्टनच्या शाळांमध्येही नको तितकी खोडाखोड आढळल्याची बातमी 2011 मध्ये 'यूएसए टुडे'नं दिली होती.

माझ्या वर्गाची सरासरी का पडली, ते कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस वेचायला आया वावरात जातात आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरी घरी लहान भावंडं सांभाळतात. एक पोरगी आदल्या वर्षी हिवाळाभर आलीच नव्हती, जोडाक्षर दिसलं की थांबायची. तिच्या मायला सांगितलं, लहानग्यालाही पाठवा. तो फळ्याखाली सतरंजीवर झोपायचा, ती एका हातानं त्याला थोपटत वाचायची. होळीपर्यंत धडा न अडखळता वाचू लागली. हे कोणत्या रकान्यात भरायचं होतं?

कडकपणा नकोच असं मी म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा शाळेत तोंड दाखवणारे मास्तर मी पाहिलेत, त्यांना काढलंच पाहिजे. आणि री बाईंनी नुसते माणसं काढली असंही नाही, 2010 च्या करारात शिक्षकांचे पगार 20 टक्क्यांच्या वर वाढले. देशपातळीवरच्या चाचणीत वॉशिंग्टनच्या मुलांचं गणितही त्या वर्षांत सुधारलं, ते गुण शिक्षकांनी भरलेले नव्हते. तेव्हा अधिकारी आणायचाच तर असा आणा, जो कमी गुण भरणाऱ्या मास्तराला आधी विचारेल, "गुरुजी, काय पाहिजे तुम्हाला?" आणि चाचणी घ्यायला बाहेरचा माणूस पाठवेल.

साडूशी त्या दिवसापासून माझं बोलणं नाही. बायका लग्नकार्यात बसवतात शेजारी, आम्ही जेवून उठतो. पोरांचं काय बिघडतं, असं तो म्हणाला होता. पुढच्या जूनमध्ये त्याच्या वर्गातली सहा पोरं पाचवीला माझ्याकडे आली, कागदावर सगळी नव्वदच्या वर. दोघांना स्वतःचं नाव सोडून काही लिहिता येत नव्हतं. शाळा सुटल्यावर तासभर थांबवून त्यांना मी बाराखडीपासून बसवलं.